नागपूर चालते कशावर?

गेल्या पंधरवड्यात पुतण्याला घेऊन नागपूरला गेलो होतो. दहावी झाली, आता पुढं काय, म्हणून दोन-चार ठिकाणी चौकशी करायची होती. परतताना एसटीच्या खिडकीतून तो सगळं निरखत होता. मेट्रोचे खांब, दवाखान्यांच्या पाट्या, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाकडं वळणाऱ्या कंपन्यांच्या बसा, बुटीबोरीजवळ ट्रकांची रांग. जाम चौरस्ता यायच्या आधी म्हणाला, "काका, एवढ्या लोकायले पोटाले भेटते कुठून? वावर तर कोणाजवळच नाही."

मी सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव म्हणून अख्खी नोकरी काढली. पैसा कुठून आला आणि कुठं गेला हेच तीस वर्षं लिहीत होतो. त्यामुळं प्रश्न मनात रुतून बसला. त्याला गाडीत जे सांगितलं आणि घरी आल्यावर आठवून आठवून जे जोडलं, ते इथं लिहितो आहे. आपल्या गावागावांतली पोरं रोज नागपूरची वाट धरतात. ते शहर जगतं कशावर, हे त्यांना कोणी बसून सांगत नाही.

आधी आपलं गाव पाहा. गावात न्हावी आहे, किराणा दुकान आहे, पिठाची गिरणी आहे, पानठेला आहे. या सगळ्यांचा धंदा चालतो, पण त्यांच्याकडं येणारा पैसा गावातलाच असतो. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. गावात नवा पैसा येतो तो कापूस, सोयाबीन, तूर विकल्यावर, मास्तरांचा पगार झाल्यावर, कोणाचा पोरगा फौजेतून किंवा कंपनीतून पाठवतो तेव्हा. ज्या वर्षी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, त्या वर्षी न्हाव्याच्या खुर्चीवरही धूळ बसली होती.

शहराचंही असंच आहे. फक्त वाटा जास्त आहेत. म्हणून कोणताही धंदा दिसला की एकच विचारायचं: याला पैसे देणारा माणूस राहतो कुठं? नागपूरच्या चहाटपरीवर चहा पिणारा नागपूरचा. पण त्याला पगार देणारी कंपनी, सरकार किंवा रोगी बाहेरचा असेल, तर खरा पोशिंदा तो.

नागपूरचा सगळ्यात जुना पोशिंदा म्हणजे सरकार. भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार करून नागपूरला राजधानी केलं. १९०३ मध्ये आपला वऱ्हाडही त्याला जोडला. स्वातंत्र्यानंतर नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. एका दिवसात शहराचं राजधानीपण गेलं. त्याची भरपाई म्हणून १९५३ च्या नागपूर करारातलं आश्वासन होतं, की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात बसेल. हिवाळी अधिवेशन आणि उपराजधानी हा शब्द, दोन्ही त्यातून आले.

डिसेंबरात अख्खं मंत्रालय फायलींसकट इकडं येतं. हॉटेलं भरतात, गाड्या भाड्यानं लागतात, मोर्चे निघतात, मोर्चात आलेल्या माणसाला पोहे विकणाऱ्याचाही धंदा होतो. पण हा पाहुण्यांचा पैसा, चार दिवसांचा. खरा आधार बारमाही कार्यालयांचा. उच्च न्यायालयाचं खंडपीठ, रिझर्व्ह बँकेची शाखा, महालेखापालाचं कार्यालय, मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा दोन रेल्वेंची विभागीय कार्यालयं, आयकर अधिकाऱ्यांना घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी. शेतकऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाच्या तीन संस्थाही तिथंच आहेत: केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो. या सगळ्यांचे पगार मुंबई-दिल्लीहून येतात. पाऊस पडो न पडो, एक तारखेला येतात. सिव्हिल लाइन्सपासून मनीषनगरपर्यंतची किती दुकानं या पगारावर उभी आहेत, ते मोजायला कोणी बसलं तर थक्क होईल.

आता कापसाकडं येऊ, कारण नागपूरचा कारखानदारीतला पहिला जन्म आपल्या पऱ्हाटीतून झाला.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडाकडं आणि आपल्या हिंगणघाटकडं वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस बंदरावर न्यायला रूळ टाकले गेले, आणि त्याच रुळांनी तयार कापड परत येऊ लागलं. जमशेटजी टाटांना वाटलं, कापूस इथं, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी, मग कापड इथंच का विणू नये? १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं, म्हणून हे नाव. कामगारांसाठी १८८६ मध्ये तिथं पेन्शन फंड होता. आज बुटीबोरीत ठेकेदाराकडं हजेरी लावणाऱ्या पोरांना हे सांगितलं, तर खरं वाटत नाही.

ही मिल २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. आमच्या गावचे एक आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ते शेवटपर्यंत त्या रस्त्यानं जाताना मान वळवून घ्यायचे.

मिल गेली तेव्हा आपल्या हातून नेमकं काय गेलं, हे समजून घ्यायला एका क्विंटल कापसाचा हिशेब मांडतो. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस टाकला की साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी जवळजवळ सगळी सरकी. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे पाच क्विंटल कापसात एक गाठ. वेचणीच्या बाईनं कमरेला ओटी बांधून, बोंडाच्या काट्यानं नखाजवळची कातडी सोलवटत जे पाच क्विंटल गोळा केले, ते दाबून-बांधून एक चौकोनी गठ्ठा होतो. आपल्याला पैसे मिळाले कापसाचे. पुढं गाठ दक्षिणेत किंवा गुजरातेत जाते, तिचं सूत होतं, सुताचं कापड, कापडाचा शर्ट. प्रत्येक टप्प्यावर किंमत चढते आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी मजुरी मिळते. सरकीचं तेल काढून उरलेली ढेप मात्र आपल्याकडं परत येते, आपल्याच बैलासाठी, आपणच विकत घ्यायला.

किंमत अशी टप्प्याटप्प्यानं चढते, त्याला मूल्यवर्धन म्हणतात. शब्द जड आहे, पण घरोघरी माहीत असलेली गोष्ट आहे: हरभरा विकला तर एक भाव, त्याचं बेसन विकलं तर दुसरा, आणि बेसनाची शेव विकली तर तिसरा. नागपूरच्या इतवारीतले आणि कळमन्याच्या बाजार समितीच्या आजूबाजूचे डाळ मिलवाले हेच करतात. आपली तूर पोत्यानं जाते आणि डाळ होऊन आपल्याच किराणा दुकानात येते. हल्दीरामचा शेव-चिवड्याचा आणि संत्रा बर्फीचा मोठा पसारा नागपुरात आहे, त्याचंही मूळ गणित हेच.

संत्र्याचं काय, असं कोणीही विचारेल. शहराला संत्रानगरी म्हणतात, २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग रसाचे मोठमोठे कारखाने का नाहीत? याचं एक कारण फळातच आहे. नागपुरी संत्रा सोलायला सोपा, खायला गोड-आंबट, पण त्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडवट होतो. त्यातल्या लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळं हे घडतं. शिवाय बिया भरपूर, साल सैल, त्यामुळं फार दिवस टिकत नाही. रसासाठी जगभर वेगळ्या जातीची, घट्ट सालीची संत्री वापरतात. म्हणून आपला संत्रा ताजाच विकावा लागतो, आणि ताज्या मालाचा भाव विकणारा ठरवत नाही. वरूड-मोर्शी-काटोलचे बागवाले आंबिया बहार आला की व्यापाऱ्याला बाग ठोक्यात देतात. बांगलादेश मोठं गिऱ्हाईक होता, त्यानं आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडं कळमन्यात भाव पडले. नोगा या नावाचे जॅम आणि सरबतं नागपुरात तयार होत आली आहेत, पण लाखो झाडांचा माल पेलायला तेवढं पुरत नाही. कडवटपणा काढायचं तंत्र आहे, कमी बियांच्या जातींवर संशोधन संस्थेत काम आहे. ते बागेपर्यंत लवकर पोहोचावं, एवढीच तळमळ आहे.

जमिनीच्या वर पिकतं त्याची ही कथा. जमिनीखालचं त्याहून मोठं आहे आणि त्याबद्दल आपल्याकडं फार कमी बोललं जातं.

उमरेड, सावनेर, वणी, चंद्रपूर, बल्लारपूर या सगळ्या पट्ट्यात कोळसा आहे. तो काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोल इंडियाची कंपनी, तिचं मुख्यालय नागपूरला. रामटेकजवळच्या मनसर-कांद्रीत, सावनेर तालुक्यातल्या गुमगावात, भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गला मँगनीज निघतं. पोलाद कठीण करायला मँगनीज लागतंच. ते काढणाऱ्या मॉइलचंही मुख्यालय नागपूर. देशातल्या खाणींवर लक्ष ठेवणारं भारतीय खाण ब्युरोही तिथंच. खाण गावात, साहेब शहरात, अशी ही रचना आहे.

कोळशाला जोडून वीज आली. कोराडीत ६६० मेगावॅटचे ३ संच आहेत, खापरखेडा शेजारी, मौद्याला एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं केंद्र, आणि चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं. मेगावॅट म्हटलं की डोक्यावरून जातं, म्हणून असं समजा: ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीनं एक तास चालला तर ६ लाख ६० हजार युनिट वीज तयार होते. एका युनिटाला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एकच संच तासाला चारशे टनांच्या वर कोळसा खाऊ शकतो. जळून उरते ती राख. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूच्या वावरात पानांवर बोट फिरवा, बोट करडं होतं. वीज अख्ख्या राज्याला जाते, पुण्या-मुंबईच्या कारखान्यांना जाते. राख मात्र इथंच राहते. आणि आपण वर्षानुवर्षं रात्री दोनला ओलीत करायला कंदील घेऊन जात आलो, कारण पंपाला दिवसा वीज नाही.

खाणीतून आणखी एक धंदा निघाला, तो लक्षात घेण्यासारखा आहे. कोळसा काढायचा तर खडक फोडायला स्फोटकं लागतात. खाणी जवळ, म्हणून अमरावती रोडच्या बाजूला स्फोटकांचे कारखाने वाढले. स्फोटकांना परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालयही नागपुरातच आहे. अंबाझरीला सरकारी आयुध कारखाना आधीपासून होताच, भंडारा आणि भद्रावतीलाही आहेत. आता हेच खासगी कारखाने लष्करासाठी दारूगोळा बनवू लागले. एका धंद्याच्या सावलीत दुसरा असा उभा राहतो. पण या कारखान्यांत हातानं काम करणारी माणसं कोण? आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं आणि लेकीबाळी. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावजवळ स्फोटात ९ जीव गेले, त्यात ६ बाया होत्या. कोणी आपल्या पोराला अशा ठिकाणी पाठवत असेल, तर पगार विचारण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण किती दिवसांचं देतात, हे जरूर विचारावं.

नागपूर नकाशाच्या मध्यात आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. झिरो माईलचा दगड पाहायला आपली शाळेची सहल जातेच. या मध्यावर असण्याचा पैसा होतो तो असा: उत्तर-दक्षिण जाणारा ४४ नंबरचा महामार्ग आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ नंबरचा, दोन्ही इथं भेटतात. रेल्वेचंही तसंच. त्यामुळं शहराला लागून असलेल्या वाडी गावाच्या बाजूला गोदामं आणि ट्रान्सपोर्टची कार्यालयं दाटीनं उभी आहेत. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज कमी झाली, मग देशाच्या मध्यात एक मोठं गोदाम सोयीचं पडू लागलं. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही नागपूरपासूनच सुरू होतो. हमाली, ड्रायव्हरकी, गोदामात माल मोजायचं काम, टायर-पंक्चर, ढाबा; आपल्या भागातल्या कमी शिकलेल्या पोरांना सगळ्यात पटकन काम इथं मिळतं.

याच मध्यावरच्या जागेच्या भरवशावर मिहान आखलं गेलं. त्यासाठीची सरकारी कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची जमीन त्यात गेली. मिहानचा एक भाग सेझ आहे. सेझ म्हणजे असा कुंपणातला टापू, जो कराच्या हिशेबात परदेशासारखा धरतात. तिथं बनलेला माल किंवा काम परदेशी विकायचं, त्या बदल्यात करात सवलत. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल तिथं आल्या. त्यांना पैसे देणारी गिऱ्हाइकं बहुतेक परदेशात बसलेली, म्हणजे आपल्या कसोटीवर हा अस्सल बाहेरचा पैसा. विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं केंद्र झालं, एम्स आलं, आयआयएम आलं. देशभरचा माल विमानानं इथं उतरेल आणि इथून फुटेल असं जे सुरुवातीला सांगितलं होतं, ते मात्र त्या आकारात अजून उतरलेलं नाही. जमीन देणाऱ्यांची पोरं तिथं इंजिनीअर म्हणून किती आणि पहारेकरी म्हणून किती, हे मला नेहमी टोचतं. जमीन गेली तेव्हाच गावातल्या पोरांच्या शिक्षणाची सोय बांधून घ्यायला हवी होती.

हिंगण्याची आणि बुटीबोरीची एमआयडीसी आपल्या जास्त ओळखीची. हिंगण्याला महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात, तेच पुढं आपल्या वावरात येतात. बुटीबोरीला टायर, पॉलिस्टरचा धागा, लोखंड, खाद्यपदार्थ, असं बरंच काही. जाम चौरस्त्यावर पहाटे साडेपाचला उभं राहा. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली, हातात डब्याची पिशवी घेतलेली पन्नास-साठ पोरं कंपनीच्या बसची वाट पाहत असतात. त्यांचा पगार संध्याकाळी गावात परत येतो. घराला स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न होतं, ट्रॅक्टरचा हप्ता जातो. कंपनीचा नफा दुसरीकडं जात असला, तरी ही मजुरी आपल्याकडं थांबते, म्हणून बुटीबोरीला मी कमी लेखत नाही. दुखणं ठेकेदारीचं आहे. अकरा महिने झाले की नाव कमी, पुन्हा नव्यानं भरती. पोरानं पीएफचा नंबर मागून घ्यावा आणि मोबाइलवर दर महिन्याला जमा होतो की नाही पाहावं, एवढं तरी करावंच.

शेवटचा मोठा धंदा सांगताना हात थोडा अडखळतो. दवाखाने.

मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं, आता एम्स, आणि धंतोली-रामदासपेठेत गल्लीगल्लीत खासगी दवाखाने. गडचिरोली, यवतमाळ, बालाघाट, छिंदवाडा, पार तेलंगणाच्या आदिलाबादपासून रोगी येतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हे सेवा क्षेत्र. आपल्या भाषेत, वावरातला पैसा शहरात जायचा सगळ्यात वेगवान रस्ता. माझी वहिनी एका खासगी दवाखान्यात अकरा दिवस होती. गटसचिवाची सवय, मी वहीत सगळं लिहून ठेवलं. खोलीचं भाडं, तपासण्या, औषधं, खाली मेसमध्ये दोघांचं जेवण, ऑटो, रात्री झोपायला लॉजची खाट. त्या वर्षीची सगळी तूर त्या अकरा दिवसांत गेली. वहिनी बरी झाली, याचा आनंद आहेच. पण ती वही उघडली की दिसतं, डॉक्टरपासून ऑटोवाल्यापर्यंत किती चुली आमच्या चार एकरांवर पेटल्या. पैसे देणारा राहतो कुठं, या प्रश्नाचं उत्तर इथं आपणच आहोत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आणि सोनोग्राफी मशीन असती, तर त्यातला निम्मा खर्च तालुक्यातच थांबला असता.

एम्प्रेस मिल बंद पडली तरी नागपूर बसलं नाही, याचं कारण आता दिसतं. एक वाट बंद झाली तेव्हा दहा चालू होत्या: पगार, कोळसा, वीज, ट्रक, दवाखाने, नंतर संगणक. हजारो घरं उद्ध्वस्त झाली, त्यांचं दुःख खोटं नाही, पण शहर उभं राहिलं. आपल्या गावांत तसं नाही. आपल्याकडं एकच वाट, कापूस. फार तर सोयाबीन आणि तूर. तीही आपण कच्चीच विकतो. म्हणून एका बोंडअळीनं, एका पावसाच्या खंडानं अख्खं गाव बसतं. दुसरी-तिसरी वाट गावात काढायची, तर ती कंपनी आणून देईल याची वाट पाहण्यापेक्षा डाळीपासून सुरुवात करता येते. आमच्या शेजारच्या गावात बायांच्या बचत गटानं छोटी डाळ मिल घेतली आहे. पहिल्या वर्षी तुरीला ओल राहिली, डाळ फुटली, नुकसान सोसलं. यंदा ऊन दाखवून, तेलपाणी लावून नीट मुरवली. हिंगणघाटच्या दोन दुकानांनी पोती उचलली.

पुतण्याला हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "मंग मी काय शिकू?" मी म्हटलं, जे काम कोराडीत चालेल, बुटीबोरीत चालेल, दवाखान्याच्या लिफ्टला चालेल आणि त्या बायांच्या डाळ मिलच्या मोटरीलाही चालेल, असं काही तरी शीक. तो थोडा वेळ गप्प बसला, मग मोबाइलवर आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या जागा शोधू लागला. जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा काढायचा राहिला आहे. उद्या आम्ही समुद्रपूरला तहसीलीत जातो आहोत.